स्पे ऑपरेशननंतर कुत्रीचं दुखणं घरी कसं सांभाळायचं

कुत्रीचं स्पे (नसबंदी) करायचं ठरलं की सगळे एकच विचारतात, खर्च किती येतो. घरी आणल्यावर काय करायचं हे कोणी विचारत नाही, आणि क्लिनिकमध्ये त्या दिवशी इतकी घाई असते की हातात चिठ्ठी येते, "गोळी द्या, दहा दिवसांनी टाके काढायला या" एवढं सांगून पुढचा पेशंट आत. मग रात्री अकरा वाजता ती कोपऱ्यात थरथरत बसलेली असते आणि आपण घरभर फोन शोधत असतो. आमच्या भुरीचं (इंडी म्हणजे आपली देशी, १४ किलो, स्वभाव तिखट) झालं तेव्हा हे सगळं एका जागी लिहिलेलं कुठे सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "दुखत असतं तर रडली असती ना" हे शंभरातले नव्वद लोक म्हणतात आणि ते चूक आहे. कुत्री दुखणं लपवते. बहुतेक कुत्र्या रडत नाहीत, गप्प होतात, आणि आपल्याला वाटतं बरं झालं बापा, शांत झोपली. स्पे म्हणजे पोट उघडून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढतात, कातडी, स्नायूचा थर, सगळं कापून परत शिवतात. आपल्या घरात काकूंचं पिशवीचं ऑपरेशन झालं तर महिनाभर त्यांना बादली उचलू देत नाही आपण, आणि कुत्री त्याच संध्याकाळी ऑटोत बसून घरी येते. दुखणारच. प्रश्न एवढाच की आपण ते वेळेवर ओळखतो का.

१. ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या

हे त्या दिवशी घ्यायला गेल्यावर नाही, आधीच्या भेटीत विचारायचं, आणि कागदावर लिहून न्यायचं. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजला दाखवत असाल तरी असंच करा, तिथे शिकणारी मुलं-मुली असतात, त्यांना पण विचारता येतं.

विचारायचं काय:
- आजचं वजन किती. अंदाजे नाही, काट्यावर. सगळे डोस वजनावर ठरतात.
- रक्त तपासायचं का. किडनी आणि लिव्हर ठीक आहे का हे दुखण्याच्या औषधासाठी महत्त्वाचं आहे, कारण ती औषधं तिथेच त्रास देतात. आणि आपल्याकडे गोचीड ताप भरपूर, त्यात प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त थांबायला त्रास. वरून कुत्री एकदम धडधाकट दिसते हो, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून घ्याच.
- दुखण्याचं कोणतं इंजेक्शन देणार आणि त्याचा असर किती तास.
- घरी पहिला डोस नेमका कधी, किती.
- रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. "करा की मला" असं म्हटलं तर नंबर तिथल्या तिथे सेव्ह करा आणि रात्री उचलतात का ते पण विचारा, लाजू नका.

तारीख ठरवताना थोडं डोकं लावा. शक्यतो सकाळचं ऑपरेशन आणि आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे काही झालं तर दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडं असेल. दिवाळीच्या किंवा तान्ह्या पोळ्या-मारबतच्या तोंडावर नको, ढोल-फटाक्यांनी ती उड्या मारणार आणि टाक्यांवर ताण येणार. हीटमध्ये (माजावर) असताना पण नको, तेव्हा तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. हीट संपल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी बरं, पण हे डॉक्टरच ठरवतील.

२. सामान आधी जमवा

- डिस्चार्ज कागद, औषधाची चिठ्ठी आणि लसीकरणाचं पुस्तक, एका पिशवीत
- गळ्यातला कोन (ई-कॉलर). आधीच घालून बघा, नाकाच्या पुढे दोन-तीन बोटं यायला पाहिजे
- डिजिटल थर्मामीटर, फक्त तिच्यासाठी वेगळा, आणि थोडं व्हॅसलीन
- सुई नसलेली छोटी सिरिंज, पातळ औषधाला
- जुन्या सुती चादरी, न घसरणारी चटई किंवा गोणपाट
- वही. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण घरात तिघं औषध देणारे असतील तर फ्रिजवर चिकटवलेला कागदच बरा

त्या कागदावर तारीख, वेळ, औषध, किती दिलं, आणि देणाऱ्याचं नाव. आई दुपारी देते, बाबांना माहीतच नाही, ते संध्याकाळी परत देतात, हे खूप घरांत होतं आणि ते साधं वाटलं तरी साधं नाही, पुढे सांगतो.

३. घरी आणणं आणि पहिली रात्र

ऑटोने आणत असाल तर सीटवर नको, खाली पायाजवळ चादर टाकून आडवी ठेवा आणि ऑटोवाल्या दादांना आधीच सांगा हळू घ्या म्हणून. स्कूटीवर पुढे उभी करून अजिबात आणू नका. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, पोटावर हात आणि दाब नको. जिने असतील तर उचलूनच.

भूल उतरत असताना शरीराचं तापमान नीट सांभाळलं जात नाही. डिसेंबर-जानेवारीत फरशीवर झोपवू नका, खाली जाड काहीतरी आणि वरून चादर. मे महिन्यात उलटं, खोली थंड पाहिजे पण कुलरच्या एकदम तोंडासमोर ओली हवा खात ठेवायची नाही, बाजूला ठेवा. तसं माझं म्हणणं विचाराल तर नागपूरच्या मे महिन्यात घाई नसेल तर ऑपरेशन करूच नका, कुत्री आधीच दिवसभर धापा टाकत असते, त्यात ती दुखण्याने धापतेय की उन्हाने हे आपल्याला कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी पूर्ण शुद्धीवर आली, मान धरून नीट बसू शकली की आधी दोन घोट पाणी, उलटी नाही झाली तर नेहमीच्या निम्मं जेवण. दहीभात, किंवा उकडलेलं चिकन आणि भात, बिना मीठ-मसाल्याचं. सावजीचा रस्सा भाताला "थोडासा लावून" देणारे मामा प्रत्येक घरात असतात, त्यांना लांब ठेवा, कांदा-लसूण कुत्र्यांना तसाही विषारी आहे.

रात्री काही कुत्र्या विचित्र आवाजात रडून राहतात, नजर कुठेतरी लागलेली, हाक मारली तर ओळख नाही. हे बरेचदा भुलीचा अंमल उतरताना होतं, काही तासांत जातं. अंधार करा, टीव्ही बंद, शेजारी बसा. पण जर ओळखते आहे, जवळ येते आहे आणि तरी कण्हते आहे, पोटाजवळ हात नेला की दचकते, तर ते दुखणं आहे, आणि डॉक्टरांना फोन करायचा. थोडा खोकला एक-दोन दिवस येऊ शकतो, भुलीसाठी घशात नळी घालतात त्याने. संडास दोन-तीन दिवस नाही झाली तरी घाबरू नका, पोट रिकामं असतं. लघवी मात्र २४ तासांत व्हायला पाहिजे.

४. दुखतंय हे ओळखायचं कसं

सगळ्यात कामाचा भाग हाच, म्हणून सावकाश वाचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचा एक व्हिडिओ काढून ठेवा, साधा, झोपलेली, उठून आली, शेपूट हलवली, पाणी प्यायली. नंतर शंका आली की तो लावून तुलना करा, कारण "अशीच असते ती" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच आणि आपल्याला पण तसंच वाटायला लागतं.

बघायचं हे:

झोपते कशी? दुखणारी कुत्री खाली बसायला जाते, अर्ध्यावर थांबते, परत उभी राहते, जागा बदलते. रात्रभर उभ्याने डुलक्या घेणारी कुत्री दमलेली नाही, तिला पोटावर झोपवत नाहीये. पाठ वर काढून कुबड आल्यासारखी चालते का, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर, नमस्कार घातल्यासारखं करते का, ते पोटाच्या दुखण्याचं लक्षण आहे.

चेहरा बघा. कान मागे, डोळे अर्धवट, नजर खाली. गार खोलीत पण धापा. थरथर. आवडत्या माणसाने हाक मारली तरी उठत नाही. टाक्यांच्या जागेकडे सारखं वळून बघते, चाटायचा प्रयत्न करते. कधीच न गुरगुरणारी कुत्री गुरगुरली तर तिला रागावू नका, ती सांगून राहिली आहे की हात लावू नको.

आता हात. टाक्यांवर नाही, त्यापासून चार-पाच सेंटीमीटर लांब, सगळ्या बोटांनी हलकं दाबा. वळून हाताकडे बघितलं एवढंच असेल तर ठीक. आकसली, पोट कडक केलं, तोंड आणलं तर दुखणं आहे. (चावरी असेल तर हा प्रयोग करू नका, लांबून बघूनही बरंच कळतं.)

डॉक्टर लोकांकडे यासाठी ग्लासगो स्केल म्हणून तक्ता असतो, आवाज, जखमेकडे लक्ष, चालणं, हात लावल्यावरची प्रतिक्रिया, मनःस्थिती, बसण्याची ढब असे सहा भाग, एकूण २४ मार्क, आणि ६ किंवा जास्त आले तर आणखी दुखण्याचं औषध द्यायचा विचार करतात. आपण घरी मार्क देत बसायची गरज नाही, पण फोनवर "बरी नाही वाटत डॉक्टर" म्हणण्यापेक्षा "दाबल्यावर आकसते, सकाळपासून झोपली नाही, जेवली नाही, धापा टाकते" असं सांगितलं तर त्यांना लगेच कळतं काय करायचं. व्हिडिओ पाठवला तर अजून बरं.

शेपूट हलवते म्हणजे दुखत नाही, असं अजिबात नाही. तुम्हाला बघून शेपूट हलवणं ही सवय आहे. जेवते म्हणजे ठीक, हे पण अर्धंच खरं. काही खादाड बाया कसंही असलं तरी जेवतात.

५. औषध देताना

बहुतेक ठिकाणी स्पेनंतर मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेन देतात, साधारण तीन ते पाच दिवस. काही डॉक्टर सोबत गॅबापेंटिन देतात, त्याने गुंगी येते, थोडी लडखडते, ते अपेक्षित आहे.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

पहिला: मेलोक्सिकॅमचं इंजेक्शन क्लिनिकमध्येच दिलेलं असेल तर त्याचा असर साधारण २४ तास असतो, म्हणजे घरचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी. लोक चिठ्ठीवर "दिवसातून एकदा" वाचून त्याच रात्री देतात, झाला डबल डोस. म्हणून इंजेक्शन किती वाजता दिलं ते कागदावर लिहून घ्या.

दुसरा: भुलीच्या वेळी दिलेली काही इंजेक्शनं दोन-चार तासांत उतरतात. दुपारी आणताना कुत्री निवांत असते आणि संध्याकाळी सात-आठला अचानक अस्वस्थ होते. घरचे म्हणतात प्रवासाने दमली. म्हणून तो असर कधी संपणार आणि मग काय द्यायचं हे आधी विचारलेलं असलं पाहिजे.

बाकीचे नियम:

औषध जेवणानंतर. रिकाम्या पोटी नाही. सकाळी जेवली नाही तर औषध तसंच कोंबू नका, फोन करा. रोज त्याच वेळेला द्या, दुखायला लागल्यावर द्यायचं असं नाही, दुखणं एकदा चढलं की त्याच डोसला उतरत नाही. पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त दुखतं, तेव्हा चुकवायचं नाही. एखादा डोस राहिला तर पुढचा डबल करू नका. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर परत देऊ नका, विचारा.

पातळ औषध असेल तर बाटलीवर एका मिलीत किती मिलीग्रॅम ते वाचा. मेलोक्सिकॅम वेगवेगळ्या ताकदीत येतं, कुठे एका मिलीत दीड मिलीग्रॅम, कुठे अर्धा. मेडिकलवाल्याने "हे नाही, ते घ्या, सेमच आहे" म्हटलं तर मिलीचं माप बदलतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या मापाने देऊ नका.

औषध सुरू असताना काळी डांबरासारखी संडास, रक्ताची उलटी, जुलाब, जेवण एकदम बंद, खूप पाणी पिणं, हिरड्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काही दिसलं की औषध थांबवा आणि फोन करा. आणि खाज-ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सुरू असेल किंवा नुकतंच झालं असेल तर ऑपरेशनच्या आधीच सांगा, स्टेरॉइड आणि ही दुखण्याची औषधं सोबत दिली तर पोटात अल्सर व्हायची भीती असते.

६. घरातला औषधांचा डबा बंद ठेवा

माझं सगळ्यात कडक मत इथे आहे. डॉक्टरांनी दिलेलं सोडून घरातलं काहीही, काहीही द्यायचं नाही. "अर्धीच तर दिली" हे वाक्य व्हेटच्या दारात फार ऐकू येतं.

कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. ब्रुफेन, डिस्प्रिन, व्होव्हरान, क्रोसिन, सगळं यातच आलं. व्होव्हरानमधलं डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे, ते गिधाडांमुळे, औषध दिलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडं किडनी फेल होऊन मरत होती. कुत्र्यासाठी पण ते नकोच.

आता कोणी हुशार म्हणेल, मेलोक्सिकॅम तर आपल्या आजीला पण देतात गुडघ्यासाठी, तीच गोळी चालेल की. हिशोब करा. १० किलोच्या कुत्रीला पहिल्या डोसनंतर दिवसाला साधारण १ मिलीग्रॅम लागतं, आजीची गोळी साडेसात किंवा पंधराची. अर्धी दिली तरी कितीपट झालं ते बघा.

माणसांच्या सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो, तो कुत्र्यांना विष आहे, रक्तातली साखर एकदम खाली जाते. गॅबापेंटिन मेडिकलमधून सिरपमध्ये घेत असाल तर हे आवर्जून तपासा.

हळद-तूप टाक्यांवर लावायचं नाही. मला माहीत आहे घरोघरी लावतात. तुपाला धूळ चिकटते आणि ती चाटायला जास्त धावते. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, गोठ्यातले जांभळे स्प्रे, काही नको, डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. जखम कोरडी राहणं हेच खरं औषध.

७. औषधाशिवाय जे कमी करतं

बर्फाचा शेक पहिले दोन दिवस, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत, वरून सुका टॉवेल, टाक्यांच्या बाजूने दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. थेट बर्फ नाही, आणि जागा ओली होऊ द्यायची नाही. तिला नको असेल तर जबरदस्ती करू नका.

जागा छोटी ठेवा. टाइल्सवर पाय घसरला की पोटाच्या स्नायूला झटका बसतो, म्हणून चटई. सोफा, दिवाण, जिना बंद. फिरायला फक्त शू-शीपुरतं, पट्ट्याने, पाच मिनिटं. फुटाळा तलावावरची मोकळी धावाधाव महिन्याने. घरात दुसरा कुत्रा असेल तर वेगळे ठेवा, तो मस्ती करायला आला तर ही दुखत असतानाही उठते.

कोन काढू नका. ती तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की घरातलं कोणीतरी विरघळेल, "पाच मिनिटं काढू ना". पाच मिनिटांत टाके निघतात. जेवताना समोर बसून काढता आला तर काढा, उठलात की परत घाला. काहींना कापडाचा सूट किंवा जुना टी-शर्ट चालतो, पण आपल्याकडच्या उकाड्यात आतून ओल धरते, रोज बदलावा लागतो.

पावसाळ्यात माश्या. यावर कोणी बोलत नाही. माशी जखमेवर बसली की अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. अंगणात बांधून ठेवू नका, आत ठेवा, जाळी लावा. वस्तीतल्या कुत्रीचं करून आणलं असेल तर टाक्यांची जागा सुकेपर्यंत तरी कुठल्यातरी गॅरेजात, गच्चीच्या खोलीत आसरा द्या, आणि रोज तोंडात गोळी देणं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे जास्त वेळ टिकणाऱ्या इंजेक्शनचं ते बघतील.

८. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा घोळ

या दिवशी कुत्री एकदम फ्रेश होते. उड्या, दारावर धावणं, डिलिव्हरीवाल्यावर भुंकणं. घरचे म्हणतात झालं, बरी झाली, गोळी बंद, कोन काढा. अहो, गोळीमुळेच ती बरी दिसतेय. आतले टाके अजून भरलेले नाहीत. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर पाच दिवस द्या, आणि उड्या थांबवायच्या कशा हाच खरा प्रश्न. आमच्याकडे चाटायची मॅट आणि गोठवलेलं दही (लाडू-पेढा नाही) यावर निभावलं. फारच आवरत नसेल तर डॉक्टर शांत ठेवायचं औषध देतात, मागायला संकोच नको.

उलट, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी न होता वाढत असेल तर ते नॉर्मल नाही. कुठेतरी इन्फेक्शन किंवा टाका सुटलेला असू शकतो.

९. इथे वाट बघायची नाही

- हिरड्या पांढरट पडल्या (ओठ उचलून बघा, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला पाहिजेत), अंग गार, उठवत नाही, पोट फुगत चाललंय. आत रक्तस्राव असू शकतो, रात्र असो की पहाट, निघा.
- टाके उघडले आणि आतलं काही दिसतंय. स्वच्छ ओलं कापड लावा, वर हलकं गुंडाळा, आत ढकलायचा प्रयत्न करू नका, निघा.
- ताप. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून १०१ बघून घाबरू नका. १०३ च्या वर गेला तर फोन.
- पू, घाण वास, सतत गळणारं रक्त.
- २४ तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा सारख्या उलट्या.

टाक्यांखाली मऊ, न दुखणारी सूज असेल आणि बाकी कुत्री ठीक असेल तर बरेचदा तिथे पाणी साचलेलं असतं, जास्त हलल्यामुळे. रात्री पळायची गरज नाही पण सकाळी फोटो पाठवा. दाबून काढू नका.

१०. टाके काढणं

साधारण १० ते १४ दिवसांनी. विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत, तरी एकदा दाखवून या. त्या दिवशीपर्यंत आंघोळ नाही, पावसात भिजणं नाही. टाके काढल्यावर दोन-तीन दिवसांनी आंघोळ, मग फिरणं रोज थोडं थोडं वाढवत न्या. वजनावर लक्ष ठेवा, स्पेनंतर भूक वाढते आणि लागणारं अन्न कमी होतं.

उरलेल्या गोळ्या "पुढे कामी येतील" म्हणून ठेवू नका आणि शेजारच्या काकूंच्या लॅब्रासाठी तर अजिबात देऊ नका, त्याचं वजन वेगळं, किडनी वेगळी, दुखणं वेगळं.